येतो म्हणालेले शहाण्णव

बेचाळीस प्लॉट, एकेक सात लाखांचा, दलाली दोन टक्के. म्हणजे प्लॉटमागे चौदा हजार, आणि सगळे खपले तर पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार. मच्छिंद्रने हा गुणाकार इतक्या वेळा केला होता की तो त्याला पाढ्यासारखा पाठ झाला होता. त्यातले दोन लाख त्याने मनातल्या मनात एका जुन्या चारचाकीला दिले होते, दीड लाख घराच्या स्लॅबला, आणि उरलेल्यातून बायकोला, प्रभावतीला, पिको-फॉलचं मशीन. प्लॉट अजून एकही विकला गेला नव्हता. पण हातात नसलेले पैसे खर्च करायला माणसाचा हात फार सैल असतो.

जमीन राधेश्याम शेठची. शेठ जालन्याचे, सरकीच्या व्यापारातले. भोकरदनहून हसनाबादकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून दोन एकर घेऊन त्यांनी एन.ए. करून ठेवली होती, आणि विकायचं काम मच्छिंद्रला दिलं होतं. दिलं होतं म्हणजे चाखायला दिलं होतं.

"महिन्याच्या शेवटच्या रविवारी दिवस मावळेपर्यंत पाच बुकिंग आण," शेठ म्हणाले होते, "मंग बेचाळीसच्या बेचाळीस तुझे. न्हाई आले, तर संभाजीनगरची कंपनी रोज फोन करून राह्यली."

पाच झाले नाहीत, तर मच्छिंद्रला मेहुण्याच्या खताच्या दुकानावर परत जावं लागणार होतं. आठ वर्षं तिथे पोती मोजून तो बाहेर पडला होता, आणि बाहेर पडताना मेहुण्याला चार वाक्यं सुनावून आला होता. ती चार वाक्यं परत गिळणं पन्नास किलोच्या पोत्याहून जड होतं.

म्हणून त्याने प्रीतीला गाठलं. भोकरदनच्या बसस्टँडसमोर एका गाळ्यात बसून प्रीती लोकांना मोबाईलवर जाहिराती करून देत असे. तिने आठ हजार घेतले, फेसबुकवर जाहिरातीला बावीस हजार लावायला सांगितले, आणि शालू उभी करून दिली.

शालू म्हणजे चॅटबॉट. जाहिरातीवर बोट ठेवलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं आणि शालू म्हणायची, "नमस्कार, मी शालू. आपल्याला किती चौरस फूट हवं आहे?" दिवस नाही, रात्र नाही, पगार नाही, चहा नाही. फोटो एका हसऱ्या बाईचा लावला होता. ही बाई कोण, ते प्रीतीलाही ठाऊक नव्हतं.

तीन आठवड्यांत तीनशे चाळीस माणसं शालूशी बोलली. मच्छिंद्र रोज जेवताना ते वाचत बसायचा. कुणी कापसाचा भाव विचारी, तर शालू म्हणे, "मला प्लॉटचा भाव सांगता येईल." कुणी विचारी, "बाई, जेवली का?" तर ती म्हणे, "हो, आपण जेवलात का?" पिंपळगावच्या एकाने लग्न झालंय का विचारलं, तेव्हा तिने त्याला बारा नंबरच्या प्लॉटचा नकाशा पाठवला.

"हिला तुमच्यापेक्षा बरं बोलता येतंय," प्रभावती ताटात भाकरी टाकत म्हणाली.

"तिला उधारी मागायला कुणी येत न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

ज्याचं काम पक्कं झालं, त्याच्या नावापुढे हिरवी खूण येई. हे ठरवायचे शब्द प्रीतीने एका दुपारी दहा मिनिटांत भरले होते: येतो, येते, येऊ, येणार. यांतला एखादा शब्द आला की शालू लिहायची, "धन्यवाद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अकरा वाजता साईटवर आपली वाट पाहते." रविवार जवळ आला तेव्हा हिरव्या खुणा शहाण्णव झाल्या होत्या.

"माणशी दोन धरा, दादा," प्रीती म्हणाली. "प्लॉट पाहायला एकटं कुणी येत नसतं."

शहाण्णव दुणे एकशे ब्याण्णव. मच्छिंद्रने आकडा दोनशेवर नेऊन ठेवला आणि शेठकडे गेला.

"जेवण ठेवू, शेठ. दुरून माणसं येणार."

"ठेव की," शेठ म्हणाले. "येईल त्याचं ताट माझं. न येईल त्याचं तुझं."

मच्छिंद्रला हा सौदा फुकटचा वाटला. हिरव्या खुणा शेठनी पाहिल्या नव्हत्या, त्याने पाहिल्या होत्या.

भिवा आचाऱ्याला सामानासकट एकशे वीस रुपये ताट ठरलं. दाळबट्टी, वांग्याची भाजी आणि बुंदी. दोनशे ताटं, चोवीस हजार. रविवारी सकाळी मांडव पडला, खुर्च्या लागल्या, प्लॉटांवर चुन्याच्या रेघा मारून नंबर रोवले, आणि गोवऱ्यांच्या आरात बट्ट्या फुगायला लागल्या.

साडेअकरापर्यंत सात जण आले. त्यातला एक हसनाबादचा रस्ता विचारायला थांबला होता.

भिवा हाताची राख झटकत जवळ आला. "भाऊ, तूप आत्ता सोडू का थांबू?"

"थांब," मच्छिंद्र म्हणाला, आणि यादीतल्या पहिल्या नंबराला फोन लावला. ते हसनाबादचे वसंता गुरुजी निघाले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले.

"गुरुजी, निघालात का?"

"कुठं?"

"प्लॉट पाहायला. तुम्ही शालूला येतो म्हणाले होते."

"म्हणलो की. मंग?"

"मंग वाट पाहून राह्यलो आम्ही."

पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस, समोरच्याला कळेना झालं की आवाज आपोआप खाली आणतो. "बाबा, पोरगी अर्धा तास माझ्याशी चांगलं बोलली. बोलणं संपलं, मी म्हणलो, बरं, येतो. निघताना माणूस येतो म्हणतो. जातो म्हणू का? भल्या घरच्या लेकीला तोंडावर जातो म्हणतात का कुणी?"

"पण ती वाट पाहते म्हणाली."

"तिनं तिची रीत पाळली, मी माझी पाळली. त्यात प्लॉट कुठं आला?"

मच्छिंद्रने फोन ठेवला आणि सकाळपासून मांडवात मदतीला आलेल्या प्रीतीकडे पाहिलं. प्रीतीने लॅपटॉप उघडून शहाण्णव संभाषणं खालून वर चाळली. एक्याण्णव जणांचं शेवटचं वाक्य तेच होतं. बरं, येतो. येतो ताई. चला, येते मी. बाकीच्या दोनशे चव्वेचाळीस जणांनी नुसताच फोन बंद केला होता. म्हणजे शालूने नेमकी चांगल्या वळणाची माणसं वेचून काढली होती, आणि ती त्यांना गिऱ्हाईक समजली होती.

प्रीतीला हसू फुटलं. मग तिने मांडवातल्या खुर्च्या पाहिल्या आणि ते आवरलं. "दादा, माझ्या आईलापण मी रोज येते म्हणूनच निघते. मशीनला शब्द भरताना ध्यानातच आलं नाही."

मच्छिंद्र एका नंबराच्या खांबाला टेकला. एकशे त्र्याण्णव ताटं गुणिले एकशे वीस. तेवीस हजार एकशे साठ. दुकानातली पोती त्याला स्पष्ट दिसायला लागली. मेहुणा वजनकाट्यापलीकडे बसून ती चार वाक्यं त्यालाच परत ऐकवत होता. शेठ एक वाजता येणार होते.

पण आठ वर्षं काउंटरवर काढलेला माणूस गिऱ्हाईक ओळखत नसला तरी माणूस ओळखतो. दार न लावता निघून जाणाऱ्याला परत बोलावता येत नाही. येतो म्हणून गेलेल्याला येतं.

"लिही," तो प्रीतीला म्हणाला. "शालूच्या नावानं, शहाण्णवच्या शहाण्णवांना. तुम्ही येतो म्हणाला होता. दाळबट्टी झाली आहे. ताट वाढायचं का झाकून ठेवायचं?"

"प्लॉट घ्यायची सक्ती नाही, तेपण लिहिते."

"लिही. खरंच आहे ते."

पाच मिनिटांत उत्तरं सुरू झाली. कुणी म्हणे, अगं बाई, थांबलात का? कुणी म्हणे, मालकाला घेऊन आले तर चालंल का? गुरुजींनी लिहिलं, ताट झाकू नका, बट्टी गार होईल.

"हे बघा, आलो म्हणणारे बावीस आणि आलोच म्हणणारे सतरा," प्रीती म्हणाली.

मच्छिंद्र आता शब्दांना भ्यायला लागला होता. "यांना धरायचं का?"

"आलो म्हणणारा चप्पल घालत असतो, दादा. आलोच म्हणणारा अजून आंघोळीला बसलेला असतो. धरा, पण पंगत दुसरी."

शेठ एकला आले तेव्हा रस्त्याच्या कडेला मोटारसायकली लागत होत्या. भोकरदनकडून दोन रिक्षा भरून आल्या. झाकलेल्या ताटाचं ओझं मराठवाड्यातल्या माणसाला फार होतं. उधारी तो वर्षभर विसरेल, पण कुणी जेवायचं खोळंबलंय म्हटलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. अडीच वाजेपर्यंत दोन पंगती उठल्या आणि तिसरी बसली.

प्रत्येकजण हात धुऊन एकच विचारत होता: शालूबाई कुठंय? गुरुजींनी तर तिच्यासाठी बागेतले पेरू आणले होते. मच्छिंद्रला खोटं बोलता आलं असतं; प्रीती शेजारीच उभी होती. पण पेरूंची पिशवी हातात घेऊन खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

"गुरुजी, शालू म्हणजे मशीन आहे. मोबाईलमधलं."

गुरुजींनी चष्मा वर केला.

"मशीन?"

"हां."

"मंग वळण कुणी लावलं?"

मच्छिंद्रने प्रीतीकडे बोट केलं. गुरुजींनी पिशवी तिच्या हातात दिली. "बोलणं चांगलं शिकवलंस. आता ऐकणं शिकव."

जेवण झाल्यावर माणूस लगेच उठून जात नाही, आणि बसलेला माणूस काहीतरी पाहतोच. बायकांनी बोअरचं पाणी तोंडात घेऊन चवीचा निकाल दिला. पुरुषांनी पावलांनी लांबी-रुंदी मोजली आणि नकाशापेक्षा दीड फूट कमी भरते म्हणून वाद घातला. जमिनीत दोष काढणारा माणूसच जमीन घेतो, हे मच्छिंद्रला ठाऊक होतं, म्हणून तो वाद संपू देत नव्हता. चारपर्यंत तीन बुकिंग झाली, अकरा-अकरा हजारांची. त्यातलं एक गुरुजींचं होतं, सुनेच्या नावावर.

मग मात्र गाड्या सुटायला लागल्या. पाच वाजता मांडवात शेठ, मच्छिंद्र, प्रीती आणि रिकामी पातेली उरली.

"तीन," शेठ म्हणाले. "गर्दी चांगली जमवली, त्यात काही वाद न्हाई. पण बोललो होतो पाच."

"शेठ, दिवस अजून हातभर वर आहे."

"रस्त्यावर कुणी दिसतंय का?"

कुणी दिसत नव्हतं. शेठनी विषय बदलला. "ताटं किती उठली?"

"एकशे अठ्ठेचाळीस," भिवा पाठीमागून म्हणाला. तो ताटं घासायच्या आधी मोजत असे.

शेठनी मोबाईलवर हिशोब केला. त्यांच्याकडे सतरा हजार सातशे साठ, मच्छिंद्रकडे बावन्न ताटांचे सहा हजार दोनशे चाळीस. "उरलेल्या बट्ट्यांतल्या वीस घरी बांधून दे," ते भिवाला म्हणाले.

"त्या न आलेल्यांच्या आहेत, शेठ," मच्छिंद्र म्हणाला. "म्हणजे माझ्या."

शेठ हसले. भिवा हसला नाही. तो खांद्यावरचा पंचा हातात घेऊन घोळवत होता.

"पैसे राहू द्या," तो म्हणाला.

"का रे?"

"एक आणि दोन नंबर, रस्त्याच्या कडेचे. गेले का ते?"

"न्हाई," मच्छिंद्र जपून म्हणाला.

"सकाळपासून चूल पेटवून बसलो इथं. तुमची माणसं सोडून तेवीस गाड्या थांबल्या. जेवण मिळतं का म्हणत होत्या. भोकरदन सोडलं की हसनाबादपर्यंत कुठं धड खायला न्हाई. मी दुसऱ्यांच्या लग्नात किती दिवस धूर खाऊ?" त्याने पंचा झटकला. "एक माझ्या नावावर करा, एक बायकोच्या, नंदाबाईच्या. तिला इचारलं मी फोनवर, दुपारीच. बाकीचे बँकेकडून उभे करू. बुकिंगचं बिलातून कापा."

शेठनी मावळतीकडे पाहिलं, भिवाकडे पाहिलं, आणि पावतीबुक मच्छिंद्रसमोर ठेवलं. "लिही. आणि उद्या जालन्याला ये, बाकीच्या सदतीस प्लॉटांचा कागद करू."

मच्छिंद्रने दोन पावत्या फाडल्या. लिहिण्याच्या घाईत नंदाबाईच्या नावावर एक अनुस्वार जास्त पडला.

मग हिशोब बसला तो असा. भिवाचं बिल चोवीस हजार, त्यातून दोन बुकिंगचे बावीस हजार शेठकडे वळते झाले. शेठनी भिवाला द्यायचे सतरा हजार सातशे साठ त्यातच जिरले, त्यांना खिशात हात घालावा लागला नाही. दीडशे माणसं जेवली, त्यांनी काही दिलं नाही. जेवणापायी रोख नोटा निघाल्या त्या एकट्या मच्छिंद्रच्या पाकिटातून, सहा हजार दोनशे चाळीस. त्यातले चार हजार दोनशे चाळीस शेठनी दोनदा मोजून घेतले, आणि दोन हजार भिवाने न मोजता.