श्रावणातली तेरा शून्यं

तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यात किसनराव एकटेच राहत. ताट एकाचं, खाट एकाची, अन् बोलायला म्हणाल तर गोठ्यातली म्हैस. पण दोन महिन्यांपासून रोज सकाळी नऊला पुण्याहून लेकीचा, गीतांजलीचा, फोन येऊ लागला होता. पोरीला बाप आठवला नव्हता बरं, बापाच्या वह्या आठवल्या होत्या. अंगणातल्या पर्जन्यमापकाचं माप किसनराव तीस वर्षं रोज साडेआठला वहीत लिहीत आले होते.

गीतांजलीचं काम भलतंच. आभाळात खूप उंच बारीक कण फवारले तर थोडं ऊन माघारी जाईल अन् धरती निवेल, असं म्हणे मोठे लोक म्हणून राहिले. पण त्यापायी कोणत्या मुलखाचा पाऊस आटेल, ते ती कम्प्युटरवर तपासत होती. त्याआधी जुन्या वर्षांचा पाऊस त्याला बरोबर दाखवता आला पाहिजे, म्हणून वह्या. किसनराव पान न् पान वाचून दाखवत, मुद्दाम सावकाश. वह्या संपल्या की फोनही संपणार, हे काय त्यांना कळत नव्हतं?

त्या दिवशी ती म्हणाली, आई गेली त्या वर्षी श्रावणात कम्प्युटर चांगला पाऊस दाखवतो अन् तुमच्या वहीत सलग तेरा शून्यं. म्हणजे कम्प्युटरच चुकला. वऱ्हाडापुरतं त्याचं उत्तर ती बाद करणार होती.

किसनरावांनी ते पान पुन्हा उघडलं. बायकोच्या सुतकात मापाला हात कसा लावायचा, म्हणून त्यांनी तेरा दिवस लावला नव्हता. अन् मागाहून रिकामी घरं बरी दिसेनात म्हणून शून्यं भरून टाकली होती. नसता शहाणपणा, दुसरं काय! आता सांगावं तर वही खोटी, बाप खोटा, अन् उद्यापासून फोन बंद. न सांगावं तर पोरीचं काम चुकणार, अन् भोगणार सारा वऱ्हाड.

"बाई, ते शून्य मी मनानंच लिहिले," ते म्हणाले. "सुतक होतं, माप पाहिलंच नाही. पाऊस आला का नाही, मले काईच याद नाही."



"झड लागली होती, बाबा," ती म्हणाली. "वहीतले शून्य ऐकून मले वाटलं, माहीच याद चुकली. मी पडवीत एकटीच पाहत बसून राहत होती. तुमी मले एकदाही काहून इचारलं नाही?"

किसनरावांनी वही मिटली. चौदा वर्षं झाली होती त्या श्रावणाला.

"तवा तू जेवत तरी होती का वं?" त्यांनी विचारलं.