दीडशे ताबान

कुनसुलू आयुष्यात मत्स्य खात्यातल्या आपल्या साहेबांशी एकदाच भांडली, आणि तेही माशांच्या आकड्यावरून. मोठ्या सरोवराच्या खाडीतले ताबान मासे तिच्या जन्मगावच्या तळ्यात सोडायचं ठरलं होतं. या माशांच्या पोटात पांढऱ्या फितीसारखा लांब जंत असतो की नाही, हे आधी तिने तपासून द्यायचं होतं. गावचं तळं अजून स्वच्छ होतं आणि तिचे दोन्ही भाऊ त्याच तळ्यावर जगत होते. जंत एकदा तिथे शिरला की त्याला बाहेर काढणारा अजून जन्माला यायचा होता.

"तीस मासे चिरा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले.

"तिसांत नाही भागत. शंभरात दोन आजारी असले, तर तिसांत एकही न सापडण्याचीच शक्यता जास्त. मग कागदावर काय लिहू, नशीब?"

"बरं बाई, किती हवेत?"

"दीडशे. तरी शंभरात पाच वेळा फसायला होईलच."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण मंजुरी दिली.

दीडशे मासे देणारा माणूस तिच्या हक्काचा होता. शिकत असताना ती चार उन्हाळे त्या खाडीवरच्या सेइतकाली काकांकडे राहिली होती. घरात त्यांचे दोन मुलगे होते, पण काका हिलाच लेक म्हणायचे. तिने त्यांना समोर बसवून सांगितलं, "काका, जाळ्यातून निघेल तसा मासा पेटीत टाकायचा. रोडका, फुगलेला, मरतुकडा, कसाही. निवडायचा नाही."

"चाळीस वर्षं जाळं ओढतोय, आणि ही मला मासा शिकवतेय!" काका हसले. मग जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरच्या नानवर त्यांनी हात ठेवला. "निवडला, तर हाच नान मला बाधो. झालं समाधान?"

झालं. त्या किनाऱ्यावर याहून मोठी शपथ नाही.

होड्या लागल्या तशी ती गमबूट चढवून निघाली, तर रौशन काकूंनी तिला दारातून मागे ओढलं. "पाहुणीने जाळ्याला हात लावायचा? लोक शेण घालतील माझ्या तोंडात! बस, चहा घे." कुनसुलू बसली. दुधाच्या चहाचे चार वाडगे झाले आणि बोलता बोलता तिने सगळं सांगितलं: मासे कुठल्या तळ्यात जाणार, ते गाव कुणाचं, भावांची नावं काय. काका उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. मग ते किनाऱ्याकडे गेले.

तिने दीडशेच्या दीडशे मासे चिरले. जंत एकही नाही. सगळे मासे एका मापाचे, गुटगुटीत, जणू लग्नाला निघालेले. तिथेच मनात पाल चुकचुकायला हवी होती. शितावरून भाताची परीक्षा होते, पण ती शितं दुसऱ्या कुणी निवडून वाढलेली नसतील तर. हे तिला पाठ होतं. तरी तिने सही केली, कारण शपथ काकांची होती.

दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात ती गावी गेली, तेव्हा तळ्याच्या काठाशी फुगल्या पोटाचे मासे आडवे पडून तरंगत होते. धाकट्या भावाने त्यातला एक तिच्यासमोर चिरला. हातभर पांढरी फीत वळवळत बाहेर आली.

"आपा, हे तुझ्या सहीचे मासे," तो म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

ती तडक सेइतकालींच्या दारात गेली. काकांनी काही लपवलं नाही.

"होते फुगलेले. अकरा. कुत्र्यांना घातले आणि त्यांच्या जागी चांगले भरले. पाहुणीला कुणी आजारी मासा देतं का?"

कुनसुलूला एकदम हायसं वाटलं. पाहुणचारापायी झालेली चूक! वेडी माया! अशी चूक ती पोटात घालू शकली असती. "म्हणजे मी काय सांगत होते ते तुम्हाला कळलंच नव्हतं?"

काका म्हणाले, "कळलं होतं गं. पण जंत निघाला असता तर खाडीतली मासेमारी बंद झाली असती. माझी पोरं शहरात हमाली करायला गेली असती."

"आणि माझे भाऊ?"

"तुझे भाऊ मी पाहिलेले नाहीत, पोरी."

'पोरी' असंच म्हणाले. तोच आवाज, तीच माया. आकड्यासाठी ती साहेबांशी भांडली होती. या माणसाबद्दल मात्र तिने स्वतःलाही कधी काही विचारलं नव्हतं.

ती उठली. रौशन काकू ताजा नान घेऊन धावल्या. "अगं, तुकडा तरी मोडून जा! नान न चाखता कुणी जातं का या घरातून?"

"काका, यावरच हात ठेवला होतात ना?" कुनसुलूने विचारलं.

ती बूट घालून अंगणात आली आणि गाडीत बसली. काकू तुकडा मोडून फाटकापर्यंत पळत आल्या, खिडकीतून हात आत घालून म्हणाल्या, "एवढासा घे गं, लेकी."

कुनसुलूने त्यांचा हात हळूच बाहेर सारला आणि काच वर केली.