आडोसा

"भावजी, परत यांच्या सायकलीत हवा भरलीत? किती वेळा हात जोडायचे हो तुमच्यापुढे?"

सायकल दुकानदार पाना हातात धरून तसाच उभा राहिला. "वहिनी, ते स्वतः आले. म्हणाले, शर्यत आहे, लवकर आटप. त्यांना नाही कसं म्हणायचं?"

तेच तर! तिच्या नवऱ्याला नाही म्हणायची छातीच होत नव्हती कुणाची. डोक्यातलं सगळं विसकटत चाललं होतं, एकटं सोडू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. ती रोज सकाळी गुपचूप चाकांतली हवा सोडायची आणि हा बाबा प्रेमाने भरून द्यायचा. मागच्या खेपेला हे ट्रकखाली येता येता वाचले, तेव्हाही रस्त्यावरची माणसं टाळ्याच वाजवत होती. असलं प्रेम काय चुलीत घालायचं?

तसं बघितलं तर जन्मात त्यांनी सायकलची एकही मोठी शर्यत जिंकली नव्हती. संघाच्या कॅप्टनच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, हीच त्यांची नोकरी. कॅप्टन मागे दम राखून असायचा आणि शेवटी सुसाट सुटायचा. एकदा घाटात कॅप्टनचं चाक मोडलं. यांनी आपलं चाक काढून दिलं आणि लंगडी सायकल खांद्यावर घेऊन चालत वर आले. हार कॅप्टनच्या गळ्यात पडला, पण लोकांनी डोक्यावर घेतलं ते यांना. 'आडोसा' हे नाव तेव्हापासूनचं.

"कुठे गेलेत?"

"घाटाकडे. बसा मागे, मी सोडतो."

ती स्कूटरवर मागे बसली. घाटमाथ्याच्या वळणावर ते दिसले. एक पाय जमिनीवर, नजर खालच्या रस्त्याकडे. शेजारून ट्रक घोंगावत जात होते. कुणीतरी गाडी थांबवून त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत होतं. "काकू, काका अजून काय फिट आहेत हो!"

तिने त्यांच्या सायकलचं हँडल धरलं. "अहो, घरी चला."

"थांबा बाई. कॅप्टन मागे राहिलाय. त्याला टाकून कसा येऊ?"

बाई! तिलाच ओळखू नये, असं आजवर कधी झालं नव्हतं. कॅप्टनला जाऊन वर्षं लोटली होती, खांदा यांनीच दिला होता. खरं सांगावं तर नव्याने ओक्साबोक्शी रडणार. पुढे गेला म्हणावं, तर गाठायला म्हणून उतारावर सायकल सोडणार. तिने जोर लावून ओढून पाहिलं, पण ते पाय हलतात होय!

"माझंच चुकलं, वहिनी," दुकानदार खाली मान घालून म्हणाला.

तिला रडूच कोसळलं. ती तिथेच कठड्याशी मटकन बसली. वारा झोंबत होता, अंगावर साधा स्वेटरही नव्हता.

त्यांनी वळून पाहिलं. मग सायकल जरा पुढे घेतली, वाऱ्याकडे तोंड करून तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, माझ्या मागे सरका. वारा फार आहे."

ती सरकून बसली.