रिपोर्टमधली कोळंबी

डॉक्टरांनी ती रंगीत पट्टी आधी निलमच्या मनगटाला गुंडाळून दाखवली, मग स्वतःच्या मनगटाला, आणि रिया तो खेळ बघण्यात गुंतल्यावर हलकेच तिच्या दंडावर आणली. पट्टी आवळत गेली. हिरवा रंग संपला, पिवळा आला आणि पट्टी तिथे थांबली.

निलमला ही पट्टी चांगली ओळखीची होती. अंगणवाडीच्या सुनिताताई वाडीवर यायच्या, तेव्हा चिकू तोडायला येणाऱ्या मजुरांची पोरं पडवीत रांगेने उभी करून दंडाची जाडी मोजायला हीच पट्टी लावायच्या. निलम प्रत्येकाच्या हातात एकेक चिकू ठेवायची आणि पिवळ्यात आलेल्या पोराच्या आईला चार शब्द सुनवायची, पोराच्या खाण्याकडे जरा बघत जा म्हणून. आता तीच पट्टी तिच्या लेकीच्या दंडावर होती. गोठ्यात दोन म्हशी, अडीचशे चिकूची झाडं आणि घरातली एकुलती एक मुलगी कुपोषित. डॉक्टरांचाच हात चुकला असेल, असं तिला वाटलं.

"परत एकदा लावा ना," ती म्हणाली.

डॉक्टरांनी परत लावली. पिवळाच.

तलासरीला महिन्यातून एकदा भरणाऱ्या या तपासणीला यायचं निलमच्या मनात नव्हतं. सुनिताताई हात धुऊन मागे लागल्या म्हणून ती डहाणूहून आली होती, आणि नवऱ्याला, प्रितेशला, गाडी चालवायला घेऊन आली होती. रिया स्वमग्न आहे हे कळून दोन वर्षं झाली होती. साडेचार वर्षांची झाली तरी ती बोलत नव्हती. भूक लागली की आईचा हात धरून स्वयंपाकघरात न्यायची, बस.

काय काय खाते, असं डॉक्टरांनी विचारलं. निलमने पाठ केल्यासारखं सांगितलं: भात, तांदळाची भाकरी, पाण्यात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व आणि चिकू. गहू बंद, दूध बंद, अकरा महिने झाले. अशा मुलांच्या आयांचा फोनवर एक ग्रुप होता. गहू आणि दूध तोडलं की मुलं बोलायला लागतात असं तिथे रोज कोणी ना कोणी लिहायचं, आणि निलमने ते मनावर घेतलं होतं. पण उगाच ऐकीव गोष्टींवर नाही, हे तिने डॉक्टरांना बजावून सांगितलं. रीतसर तपासणी केली होती. वापीच्या एका लॅबमध्ये बोटातलं रक्त कार्डावर घेऊन शंभर पदार्थांची परीक्षा झाली होती. पर्समधून तिने रिपोर्ट काढला. पत्रिकेसारखा प्लॅस्टिकमध्ये घालून जपलेला होता.

"आधी काय खायची?" डॉक्टरांनी विचारलं.

आधी दूध हाच तिचा जीव होता. दूध, दुधात बुडवलेली खारी, भात, चिकू. याच्या पलीकडे ती कशाला तोंड लावायची नाही. त्यातल्या दोन गोष्टी निलमने एका सकाळी तोडल्या. पहिले अकरा दिवस रियाने घर डोक्यावर घेतलं. तिची स्टीलची वाटी घेऊन ती गोठ्यात जाऊन बसायची, म्हशीच्या समोर. निलम तिला उचलून आणायची आणि स्वतःही रडायची. बाराव्या दिवशी रिया गप्प झाली. तेव्हापासून खूप शांत झालीय, असं निलमने सांगितलं. ते सांगताना आपला आवाज बारीक झालाय हे तिचं तिलाच जाणवलं.

डॉक्टर रिपोर्ट वाचत होत्या. वयाने निलमपेक्षा लहानच असतील. या तपासणीवरून काय सोसत नाही ते ठरवता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. माणूस जे वरचेवर खातो, त्याच्याच खुणा यात दिसतात. गव्हाचा खरा त्रास असतो तो काही मुलांना, पण त्याची रक्ततपासणी वेगळी. हे सगळं त्या समजुतीच्या सुरात बोलत होत्या आणि बोलता बोलता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"ही कोळंबी खायची?"

"कोळंबी? नाही हो. मासळीचा वास आला तरी उठून जाते."

"कॉफी?"

"तेव्हा साडेतीन वर्षांची होती ती."

डॉक्टरांनी पान उलटून नाव, वय, तारीख परत पाहिली. मग निलमला दिसेल असा कागद फिरवला. गहू आणि दूध लाल होतं, ते तिने अकरा महिन्यांत शंभरदा वाचलं होतं. त्याच्या खालचं तिने कधी वाचलंच नव्हतं. तिथे कोळंबी होती, कॉफी होती, काजू होते, बिअरमध्ये असतं ते बार्ली आणि यीस्ट होतं, सगळं लाल.

लॅबवाल्यांनी दुसऱ्या कोणाच्या रक्ताशी अदलाबदल केली असेल, असं डॉक्टर म्हणाल्या. निलमला ते धड ऐकूच आलं नाही. सकाळी उठल्यावर चहा नाही, भरपूर दूध घातलेली कॉफी. जेवणात चपाती, आणि आठवड्यातून तीनदा कोळंबीचं कालवण. शनिवारी दमणहून आणलेली बिअर आणि तिच्याबरोबर मूठभर काजू. गेली नऊ वर्षं हे ताट ती स्वतःच्या हाताने वाढत होती. तिने मान वळवली. प्रितेश खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

डॉक्टरांच्या ते लक्षात आलं असावं. बाहेरच्या मुलांचं वजन झालं का बघून येते, म्हणून त्या उठून गेल्या.

"कोणाचं रक्त आहे हे?" निलमने विचारलं.

रिया टेबलाखाली बसून पट्टीची गुंडाळी करत होती.

"प्रितेश, कोणाचं?"

"माझं."

त्या दिवशी तिला सणकून ताप होता, म्हणून तो एकटा रियाला घेऊन वापीला गेला होता. आता तो खाली मान घालून सांगत होता. दोघांनी रियाला धरलं तरी आवरेना. तिसऱ्या कोणाला तरी बोलवायला लॅबवाला बाहेर गेला. टेबलावर सुई होती, कार्ड होतं.

"ती माझ्याकडे बघत होती, निलम. सरळ डोळ्यांत. कधी बघत नाही ना ती? तेव्हा बघत होती. मला नाही जमलं."

"म्हणून स्वतःचं बोट टोचलंस?"

"मला वाटलं, मला कुठे काय होतंय? माझं सगळं चांगलंच येणार. रिपोर्ट चांगला आला की तू तिचं दूध तोडणार नाहीस. तेवढ्यासाठीच केलं."

"आणि लाल आला तेव्हा?"

"तेव्हा तू हसलीस. कारण सापडलं म्हणालीस, आता ती बोलेल म्हणालीस. रियाचं कळल्यापासून पहिल्यांदा हसलीस. मग सांगायचं राहिलं."

अकरा महिने सांगायचं राहिलं. तिच्या डोळ्यांदेखत हा माणूस चपाती खात होता, आणि ती रियाची पाठ त्याच्या ताटाकडे करून बसायची, पोरीला दिसू नये म्हणून.

डॉक्टर परत आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. दूध आजपासूनच सुरू करा, थोडं थोडं, एवढं सांगितलं. गव्हाची खरी तपासणी करायची तर आधी सहा ते आठ आठवडे रोज गहू पोटात जायला हवा, नाहीतर रक्तात काही दिसणार नाही. वजन तर वाढायलाच हवं, आणि दूध-खारी आवडत होती म्हणजे काम सोपं आहे. निलमने मान हलवली. हे तिला जमणार होतं. आजच जमणार होतं.

येताना हायवेवर चारोटीला तिने गाडी थांबवायला लावून खारीचा पुडा घेतला. घरी पोहोचल्या पोहोचल्या तिने साडी न बदलताच दूध तापवलं, कोमट केलं, वाटीत ओतलं. रियाला खारी जशी लागायची तशी, अर्धी बुडवलेली आणि अर्धी कोरडी, वाटीत उभी करून तिच्यासमोर ठेवली. प्रितेश दारात उभा होता. आत यायचा धीर त्याला होत नव्हता.

रियाने वाटीकडे पाहिलं. वाकून वास घेतला.

रियाने एका बोटाने वाटी पुढे सरकवली.

निलमने ती परत तिच्याजवळ आणली. खारीचा तुकडा मोडून ओठांना लावला. रियाने तोंड फिरवलं, वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि आईच्या मांडीवर ठेवली. मग ती बोलली. उच्चार स्वच्छ होते. गोठ्यातून तिला उचलून आणताना निलम अकरा दिवस जे म्हणत होती तेच शब्द, तोच लाडीगोडीचा सूर, शेवटचा हेलसुद्धा आईचाच.

"दूध नाही हं, राणी. दूध घाण. बाऊ होतो."

"बोलली," दारातून प्रितेश म्हणाला. "निलम, ती बोलली."

निलम मांडीवरच्या वाटीकडे बघत बसली. खारी दुधात विरघळत चालली होती. रियाने आईच्या डोक्यावरून हात फिरवला, निलम तेव्हा फिरवायची तसाच, आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली.