बॉयलरमायचा नारळ

इंदापूरजवळच्या साखर कारखान्यात बॉयलरपुढे ही गर्दी! महिपती महाराजांनी डोळे पांढरे केले, "बॉयलरमाय तहानली हाय!" म्हणून आरोळी ठोकली आणि बॉयलरला पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर फाडकन नारळ फोडला. काचेच्या नळीत सकाळपासून वरखाली नाचणारी पाण्याची पातळी शांत झाली. लोकांनी महाराजांचे पाय धरले.

तेजश्रीचा जळफळाट झाला. कारखान्याची इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर ती. व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या कंट्रोलरचे आकडे बदलून बदलून तिनं रक्ताचं पाणी केलं, तेव्हा कुणी चहासुद्धा विचारला नव्हता. आणि या बुवाला पेढे!

"मॅडम, आता महाराजच बघतील. तुम्ही व्हॉल्व्हला हात लावू नका," चीफ इंजिनिअर विजयसिंहांनी बजावलं. पाणी तळाला गेलं तर बॉयलर फुटून माणसं भाजतात, हे बुवाला कोण सांगणार?

निव्वळ हेव्यापोटी ती व्हॉल्व्हवर डोळा ठेवून बसली. संध्याकाळी पातळी पुन्हा डोलू लागली. कंट्रोलर 'उघड' म्हणत होता, पण व्हॉल्व्हचा दांडा ढिम्म; मग एकदम उसळी मारून नको तितका उघडायचा. दांडा अडकत होता! महाराज कऱ्हाटी गावाला गेले होते. तिनं लाकडी हातोड्यानं टक् केलं. पातळी स्थिरावली.

"मॅडमच्या हातात गुण हाय!" ऑपरेटर सोनबा तिच्या पायाशी वाकला.

तिला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला! मग मात्र ती चपापली. एक बुवा जाऊन त्याच्या जागी एक बाई बसणार होती.

सकाळी व्हॉल्व्ह पुन्हा अडला. महाराज नारळ घेऊन पुढे झाले. तेजश्रीनं मध्ये येऊन हातोडा सोनबाला दिला.

"काका, तुम्ही मारा."

"म्या? मॅडम, रातीच मटण खाल्लंय की!"

"मारा."

टक्. पातळी शांत.

"आईनं भक्ताची हाक ऐकली!" महाराजांनी घाईनं सावरून घेतलं.

तेजश्रीनं बाजूच्या पाइपातून पाणी चालू ठेवायला लावलं आणि दांडा पुसला. फडक्यावर काळा चिकटा आला.

"हे करपलेलं नारळपाणी आणि कुंकू. खंडेनवमीच्या पूजेपासून आपण दांड्यावर ओततोय. दणक्यानं दांडा सुटतो, नारळाच्या पाण्यानं पुन्हा चिकटतो. दुखणंही नारळाचं आणि औषधही नारळाचं!"

विजयसिंहांनी मान खाली घातली. महाराजांनी पिशवी उचलली.

"मग आमी पाया कुणाच्या पडायचं?" सोनबानं विचारलं.

"कुणाच्याच नको, काका. माझ्याही नको. यंत्र अडलं तर आधी का अडलं ते बघा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तोच स्वतःच्या हातानं करून बघा."