अकरा मिनिटं, न कापता

चूक माहीच हाय, पयलेच सांगतो.

मी लग्नाचे व्हिडिओ काहाडतो, कुरखेड्याच्या आजूबाजूच्या गावांत. एडिटिंग मोबाईलवर आपणहून शिकलो. नवरी रडली तं ठेवतो. शेंबूड आला तं कापतो.

आमच्या गावची सुकरीबाई. तिची मंगली पाच वर्षांची, बोलत नाई. काही पाह्यजे असलं का खांबावर डोकं आपटते. नागपूरच्या डॉक्टरनं ऑटिझम सांगितला. तिथल्याच एका संस्थेची रीता मॅडम फोनवरून आईबापाले शिकवते. पोरगी चिडली तं काय कराचं, बोट दाखवलं का लगेच वस्तू द्याची, असं. दर आयतवारी आपण घरचा व्हिडिओ पाठवाचा, मॅडम पाहून चुका सांगते. सुकरीबाईच्या नवऱ्याचा, लालसूभाऊचा, फोन बटनाचा. म्हणून शुटिंग माह्याकडं.

पयल्या आयतवारी सुकरीबाई लग्नातलं लुगडं नेसून बसली. मंगलीले पावडर. शेजारची दुर्गा कुंपणावरून म्हणे, "हिरोईन, माहाई फोटो येऊ दे वं!"

बारा मिनिटांत मंगलीनं चार खेप डोकं आपटलं. मी ते कापलं. चारचौघांत पोरगीची इज्जत, असं वाटलं. दोन मिनिटांचा गोड व्हिडिओ, मागं बासरी. असे सहा पाठवले.

मंग मॅडमचा फोन. "मंगलीने सहा आठवड्यांत एकदाही डोकं आपटलं नाही. कमाल आहे! आता तिची जागा दुसऱ्या मुलाला देऊ या. खूप जण थांबलेत."

मी सगळं सांगून टाकलं.

मॅडम म्हणे, "मूळ व्हिडिओ पाठवा."

ते डिलीट केलेले. मेमरी फुल होती.

"मग नवा पाठवा, न कापता. शुक्रवारी पुढच्या मुलांची यादी जाते."

गुरुवारी गेलो. मंगलीले डब्याचं झाकण पाह्यजे होतं, फिरवाले. सुकरीबाई थांबली, बोट दाखवाची वाट पाहत. पोरगी खांबाकडं गेली. डोकं मागं नेलं, अन् सुकरीबाईचा हात मधात.

"बाई, हात काहाड. दिसलं पाह्यजे."

"तुही पोरगी असती तं काहाडला असता का?"

"मले पोरगीच नाई."

"म्हणूनच तं बोलून राह्यला."

लालसूभाऊ म्हणे, "माहं डोकं आपटू का? तसंही रिकामंच हाय." कोणी हासलं नाई.

"बाई, यकच खेप. नाई तं जागा जाते."

सुकरीबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. तोंड फिरवलं. मंगलीनं डोकं मागं नेलं अन् हात पुन्हा बाहेर. बोटं अन् खांब, असा आवाज आला. नऊ खेप.

कुरखेड्याले जाऊन अकरा मिनिटांचा व्हिडिओ तसाच पाठवला.

शुक्रवारी नेटवर्कसाठी पुन्हा कुरखेड्याले गेलो. मेसेज आला होता. "व्हिडिओ पाहिला. ताईंनी दर वेळी हात मध्ये घातला, अगदी बरोबर. आम्ही हेच शिकवतो. ताई आता तयार झाल्या आहेत, त्यामुळे जागा पुढे देतोय. शुभेच्छा."

तीन फोन लावले. उचलला नाई.

परत आलो तं सुकरीबाई अंगणात डाव्या हातानं पोरगीले भात चारून राह्यली होती. उजव्याची बोटं सुजून वांगी.

"काय म्हणे मॅडम?"

"हात घातला ते बरोबर, म्हणे."

तिचं तोंड एकदम उजळलं. "पाह्य! अन् तू काहाडाले लावत होता." घास मंगलीच्या तोंडात दिला. "आयतवारी कितीक वाजता येशील? आता लुगडं नाई नेसत मी."