मातीच्या स्टेशनचं गाऱ्हाणं

संगमरवरी पाटी वाचली आणि रुक्मिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘कै. देवकरणशेठ यांनी कामगारांसाठी स्वखर्चाने हे स्टेशन उभारले.’ स्वखर्चाने म्हणे.

अंधेरीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या फाट्यावर पूर्वी गाडी थांबायची, पण फलाट नव्हता. पोटुशा बायासुद्धा डब्यातून उड्या टाकायच्या. शेवटी रुक्मिणीची आई शांताबाई आणि चाळीतल्या कोकणातल्या बाया सुटीच्या दिवशी घमेल्यांनी माती वाहू लागल्या, आणि फलाट उभा राहिला, शेजारी तिकिटाची खोलीही. म्हणून नाव पडलं मातीचं स्टेशन. शेठने एकदा येऊन फोटो तेवढा काढून घेतला. पुढे कारखाने गेले, रूळ उखडले, उरली तिकिटाची खोली. आता शेजारी टॉवर उठला होता आणि खोलीचं क्लबहाऊस झालं होतं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

उद्घाटनाला कोकणी बाज हवा म्हणून टॉवरचा मालक, शेठचा नातू देवेश याने रुक्मिणीच्या चुलतभावाला, जयवंतला, गाऱ्हाणं घालायला बोलावलं होतं. नारळ ठेवून एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. देवेशला मालवणी ओ की ठो कळत नव्हतं, पण सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच.

“शेठनी ह्यां टेशान बांधल्यानी, तेंचां नाव ऱ्हवांदे रे म्हाराजा,” जयवंत म्हणाला.

“व्हय म्हाराजा.” चाळीतल्यांनीही सवयीने री ओढली. रुक्मिणीला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. देवापुढे ‘व्हय’ म्हटलं की ते खरं धरलं जातं, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही. रुक्मिणी पुढे झाली.

“बाजूक हो,” ती जयवंतला म्हणाली. “आवशीची मेहनत विकलंस, मेल्या.”

तिने नारळावर हात ठेवला. “बा देवा म्हाराजा, ह्यां टेशान आमच्या आवशींनी माती व्हावन बांधल्यानी.”

“व्हय म्हाराजा,” चाळ म्हणाली. या वेळी सवयीने नव्हे.

“ह्येच्या आज्यान घमेलाभर मातीपण उचलूक नाय.”

“व्हय म्हाराजा!” देवेशचा आवाज सगळ्यांच्या वर चढला.

तिने नजर संगमरवरी पाटीवर रोखली. “हो फळो आजच काढूक होयो.”

“व्हय म्हाराजा!”

रुक्मिणीने नारळ फोडला आणि जयवंतकडे वळली.

“ऐकलंस मा? मालकानीच व्हय म्हटल्यानी. पहार घेवन ये.”